मुलास वाचतां येत नाहीं, हा दोष कोणाचा?

ब्राझिलांतील सोब्राल शहराच्या शाळांची हकीकत

सुशिक्षित कुटुंबांत मुलाला वाचावयास केव्हां येऊं लागलें, हें बहुधा कोणाच्या लक्षांतहि राहत नाहीं. आजोबांच्या मांडीवर बसून तें वर्तमानपत्राच्या मथळ्यांतील अक्षरें ओळखूं लागतें, रस्त्यानें जातांना दुकानांच्या पाट्या मोठ्यानें वाचूं लागतें, आणि एके दिवशीं गोष्टीचें पुस्तक घेऊन कोपऱ्यांत बसलेलें दिसतें. घरांत पुस्तकें आहेत, वाचणारीं माणसें आहेत, चुकलें तर सांगणारें कोणी ना कोणी आहे. तेव्हां वाचन ही बोलण्यासारखीच आपोआप येणारी गोष्ट आहे, असा समज अशा घरांत सहज रूढ होतो. हाच समज मनांत बाळगून आपण दुसऱ्यांच्या मुलांकडे पाहतों. चौथींत गेलेल्या एखाद्या मुलास एक ओळ धड वाचतां येत नाहीं असें कळलें, म्हणजे मूल मंद आहे, आईबाप अडाणी आहेत, मास्तर कामचुकार आहे, असे तीन निकाल एका दमांत देऊन आपण मोकळे होतों.

वस्तुतः वाचन आपोआप कोणासच येत नाहीं. बोलणें मूल माणसांत राहून उचलतें. लिपि ही मनुष्यानें बुद्धिपुरस्सर केलेली योजना असल्यामुळें ती प्रत्येक मुलास मुद्दाम शिकवावी लागते. ज्या घरांत ती खेळतां खेळतां शिकविली जाते, तेथें शाळेचें निम्में काम आधींच झालेलें असतें. ज्या घरांत तशी सोय नाहीं, तेथें सगळा भार शाळेवर पडतो. मग शाळेनें तो उचलला नाहीं, तर त्याचा जाब कोणास विचारावयाचा? वर्गांतील शिक्षकास, मुख्याध्यापकास, कीं त्या दोघांच्याहि वर बसलेल्यांस? या प्रश्नाचें उत्तर वादविवादानें न देतां कृतीनें देणारें एक शहर या पृथ्वीच्या पाठीवर आहे, आणि त्याची हकीकत विचारी वाचकांनीं अवश्य जाणून घ्यावी अशी आहे.

काजूच्या माहेरीं

ब्राझील देशाच्या ईशान्येस सिआरा नांवाचें राज्य आहे. आपल्या गोमांतकांत आणि कोंकणांत पिकणाऱ्या काजूचें मूळ माहेर ब्राझिलाच्या याच बाजूचें. पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत तो इकडे आणला. बटाटा, चावी, बादली हे आपल्या घरांत रुळलेले शब्द ज्या भाषेंतून आले, ती पोर्तुगीज हीच तेथील मुलांची बोली व शाळेची भाषा. किनारा सोडून आंत गेलें कीं अवर्षणाचा मुलूख लागतो. १८७७ पासून १८७९ पर्यंत तेथें पडलेल्या दुष्काळांत अगणित माणसें दगावलीं. त्याच सुमारास, म्हणजे १८७६ ते १८७८ मध्यें, आपल्या दख्खनेंतहि लोक अन्नान्न करीत होते. आणि या दोन्ही अवर्षणांचा संबंध प्रशांत महासागरांतील एकाच ‘एल् निनो’शीं आहे असें शास्त्रज्ञ मानतात. सारांश, कोरडवाहू जमीन, दारिद्र्य आणि पोट भरण्यासाठीं शहराकडे धांव हें चित्र मराठी वाचकांस अनोळखी वाटूं नये.

या राज्यांत सोब्राल हें सुमारें दोन लाख वस्तीचें शहर आहे. शास्त्राच्या इतिहासांत त्याचें नांव पूर्वीच नोंदलें गेलें आहे. २९ मे १९१९ रोजीं झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं क्रॉमेलिन व डेव्हिडसन हे ब्रिटिश ज्योतिर्विद दुर्बिणी घेऊन येथें आले होते. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश किती वांकतो, हें त्यांनीं घेतलेल्या छायाचित्रांवरून मोजण्यांत आलें, आणि आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताच्या बाजूनें कौल देणारा एक बलवत्तर पुरावा या आडवळणाच्या गांवांतून जगास मिळाला. परंतु आकाशांतील प्रकाशाचा बांक जेथें मोजला गेला, त्याच गांवच्या शाळांत ऐंशी वर्षांनंतर जवळजवळ निम्म्या लहान मुलांना समोरच्या पुस्तकांतील ओळ लागत नव्हती.

इमारती झाल्या, पण वाचन आलें नाहीं

१८९७ सालीं जशी एखादी शाळा असावी तशी अवस्था शंभर वर्षांनीं अनेक ठिकाणीं होती, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. १९९७ मध्यें सिद गोमेस हे सोब्रालचे महापौर झाले. कोणताहि उत्साही कारभारी करील तेंच त्यांनींहि आधीं केलें. पडक्या शाळा दुरुस्त केल्या, नव्या बांधल्या, शाळेबाहेर राहिलेलीं मुलें पटावर आणलीं. पट वाढला, भिंतींना रंग लागला, आणि काम फत्ते झालें असेंच कोणासहि वाटलें असतें. पण २००० सालाच्या सुमारास नगरपालिकेनें एक अगदीं साधी गोष्ट केली. खालच्या इयत्तांतील मुलांस जवळ बोलावून प्रत्येकाकडून प्रत्यक्ष वाचून घेतलें. तेव्हां आढळलें कीं शेंकडा ४८ मुलांना वाचतांच येत नाहीं.

ही मुलें शाळेंत येत होतीं. त्यांच्यापुढें पुस्तक होतें, फळा होता, शिक्षक होता. तीं फळ्यावरचें वहींत सुबक अक्षरांत उतरूनहि घेत. मात्र उतरलें काय, हें त्यांस सांगतां येत नसे. नक्कल करणाऱ्या हातामागें वाचणारा डोळा नाहीं, हें वर्षानुवर्षें कोणी पाहिलेंच नव्हतें. वर्ग शांत आहे, वह्या भरलेल्या आहेत, यावर सर्वांचें समाधान होतें.

याच ईशान्य ब्राझिलांत पाउलो फ्रेअरी हे थोर शिक्षणतज्ज्ञ होऊन गेले. त्यांनीं १९६३ सालीं शेजारच्या राज्यांतील आंजिकोस या गांवीं तीनशें प्रौढ श्रमिकांस चाळीस तासांत अक्षरओळख करून देण्याचा प्रयोग केला होता. १९६४ मध्यें लष्करी सत्ता आली, फ्रेअरी तुरुंगांत व पुढें देशाबाहेर गेले, आणि तें कार्य खंडित झालें. प्रौढांस शिकविणें हें पुण्याचें काम खरेंच. परंतु ज्या देशाच्या शाळाच दरसाल हजारों निरक्षर बाहेर पाठवितात, तेथें प्रौढांचे वर्ग काढणें म्हणजे होडींतलें पाणी उपसत राहून तळाचें भोंक तसेंच ठेवण्यासारखें आहे. सोब्राल शहरानें आतां भोंक बुजविण्याचें ठरविलें.

एकच ध्येय

२००१ पासून तेथें जी व्यवस्था सुरू झाली, तींतील प्रत्येक भाग सुटा पाहिल्यास कांहीं विशेष वाटणार नाहीं. विशेष आहे तो सर्व भाग एकाच खुंटीस बांधण्यांत. पहिल्या इयत्तेच्या शेवटीं प्रत्येक मुलास वाचतां आलें पाहिजे, हें सगळ्या कारभाराचें पहिलें ध्येय ठरलें. आणि मागें पडलेल्या वरच्या इयत्तांतील मुलांस आधीं वाचावयास शिकवावें, मग इतर गोष्टी, असें ठरलें. शिक्षणखात्याची सूत्रें महापौरांचे बंधु इवो गोमेस यांच्याकडे होतीं, आणि त्यांच्या जोडीस इझोल्दा सेला या मानसशास्त्राचें शिक्षण घेतलेल्या बाई होत्या. पुढें त्याच राज्याच्या शिक्षणमंत्री व २०२२ मध्यें राज्यपालपदावर त्या चढल्या. ब्राझिलांत राज्यपाल हा लोकांनीं निवडलेला राज्याचा मुख्य कारभारी असतो, हें येथें लक्षांत ठेवावें.

ध्येयें आपल्याकडेहि उदंड असतात. एका वेळीं दहा ध्येयें सांगितलीं म्हणजे शिक्षक त्यांतील सोपें तेवढें उचलतो, आणि तपासणीस आलेला अधिकारी जें कागदावर दिसेल तेंच पाहतो. सोब्रालनें एकच ध्येय ठेवलें, आणि तें असें निवडलें कीं ज्याची खातरजमा कोणासहि पांच मिनिटांत करून घेतां येईल. मुलाच्या हातीं पूर्वीं न पाहिलेला उतारा द्या आणि ऐका.

वर्गांत काय बदललें?

पहिली गोष्ट ही कीं, पहिल्या इयत्तेचा वर्ग अननुभवी माणसाच्या गळ्यांत बांधण्याची जगभरची चाल त्यांनीं मोडली. चांगले शिक्षक वरच्या वर्गांस आणि नवखे खालच्या वर्गांस, हा क्रम उलटा केला. वाचन शिकविण्यांत हातखंडा असलेल्या शिक्षकांकडे पहिला वर्ग दिला, आणि त्यांची मुलें वाचूं लागल्यास पगाराखेरीज वेगळा मोबदला ठेवला. पायाचें काम कुशल गवंड्याकडे असावें, यांत नवल तें काय? तरीहि शाळांच्या बाबतींत ही गोष्ट फार थोड्यांस सुचते.

दुसरी गोष्ट साहित्याची व पद्धतीची. शिक्षकानें रोज काय शिकवावयाचें, याचा नीट रेखलेला क्रम त्याच्या हातीं देण्यांत आला. शब्द ऐकून त्यांतील ध्वनि वेगळे काढणें, ते अक्षरांशीं जुळविणें, अक्षरांचे शब्द करणें, शब्दांचें वाक्य मोठ्यानें वाचणें, आणि वाचलेलें आपल्या शब्दांत सांगणें व लिहिणें, हें रोज व्हावयाचें. पोर्तुगीज भाषेंत एका व्यंजनास पांच स्वर जोडून ‘बा, बे, बी, बो, बू’ असें म्हणावयाची जुनी पद्धत आहे. आपल्या बाराखडीचीच ती धाकटी बहीण. फ्रेअरींनींहि विटेस असलेला पोर्तुगीज शब्द घेऊन त्यांतील अक्षरांच्या अशाच माळा श्रमिकांकडून करून घेतल्या होत्या. मात्र नुसती माळ घोकल्यानें वाचन येत नाहीं. माळेंतले मणी काढून त्यांचे नवे शब्द गुंफतां आले पाहिजेत, आणि त्या शब्दांत मुलास कांहीं गोडी वाटली पाहिजे. म्हणून रोज कांहीं वेळ शिक्षकानें मुलांस केवळ गोष्ट वाचून दाखवावी, असा परिपाठ राहिला. पुढें राज्यानें हें काम हातीं घेतलें तेव्हां सिआरांतीलच लेखकांचीं बालपुस्तकें निवडून वर्गावर्गांतून ठेवण्यांत आलीं.

तिसरी गोष्ट शिक्षकांच्या शिक्षणाची. वर्षांतून एकदां मोठी परिषद भरवावी, भाषणें व्हावींत, हार घालावेत आणि सर्वांनीं पुनः आपल्या जुन्या मार्गानें जावें, असें तेथें ठेवलें नाहीं. शिक्षक दरमहा एकत्र येत, आणि पुढील महिन्यांत वर्गांत जें शिकवावयाचें त्याचाच सराव करीत. शिवाय शाळेंत एक अनुभवी सहकारी नेमलेला असे. तो वर्गांत मागें बसून पाठ पाही, आणि नंतर शिक्षकाशीं एकांतांत बोले. गायनाचा शागीर्द जसा गुरूसमोर गाऊन सुधारतो, नुसतें संगीतशास्त्र वाचून सुधारत नाहीं, तसेंच अध्यापनाचें आहे.

चौथी गोष्ट परीक्षेची. वर्षांतून दोनदां शाळेबाहेरचे परीक्षक येत आणि लहान मुलांकडून एकेकट्यानें वाचवून घेत. आपल्याच मुलांची परीक्षा आपणच घेतली म्हणजे हात थोडा सैल राहतो, हा मनुष्यस्वभाव आहे. परीक्षेचा हेतु मुलास नापास करण्याचा नव्हता. कोणत्या वर्गांत कोणतें मूल अडलें आहे, हें वेळेवर कळावें आणि त्यास जादा शिकवितां यावें, एवढ्यासाठींच ती होती.

मुख्याध्यापकाची खुर्ची

हें सर्व शिक्षकांस सांगून भागलें असतें तर पुढचा भाग लिहिण्याचें कारणच नव्हतें. परंतु शाळा ही मुख्याध्यापकाच्या वळणानें चालते. पूर्वीं सोब्रालमध्यें ही जागा म्हणजे स्थानिक पुढाऱ्यांच्या हातची देणगी होती. निवडणुकींत राबलेल्या माणसास, त्याच्या बायकोस वा भाच्यास ती मिळे. असा मुख्याध्यापक पहिल्या वर्गांत पाऊल टाकीत नसे, आणि टाकलें तरी तेथें काय पाहावें हें त्यास ठाऊक नसे. हजेरीपत्रक, पगारपत्रक आणि पाहुण्यांचें स्वागत यांतच त्याचा दिवस जाई.

२००१ मध्यें या जागा खुल्या स्पर्धेनें भरण्याचें ठरलें. लेखी परीक्षा, मुलाखत व त्यानंतर शाळा चालविण्याचें शिक्षण, अशा पायऱ्या चढूनच त्या खुर्चीवर बसतां येऊं लागलें. पुढाऱ्यांच्या हातांतून एक गोड खाऊ गेला. त्यांची नाराजी ओढवून घेण्याची तयारी महापौरांनीं दाखविली, आणि माझ्या मतें या सर्व प्रकरणांतील सर्वांत अवघड काम तेंच होतें. इमारत बांधल्यानें मतें मिळतात. शिफारस नाकारल्यानें जातात.

निवडलेल्या मुख्याध्यापकास खर्चाचा कांहीं अधिकार मिळाला, आपल्या शाळेच्या कामाची आखणी करण्याची मोकळीक मिळाली, आणि त्याबरोबर जबाबदारीहि आली. आपल्या शाळेंतील किती मुलांस वाचतां येतें, हें त्यास तोंडपाठ असावें लागे. शाळा सतत मागें राहिली तर खुर्ची जाऊं शके. शाळाशाळांतून फिरणारे पर्यवेक्षक त्यास भेटत. परंतु तो भेटण्याचा प्रकार दोष टिपून वर कळविण्याचा नव्हता. अमुक वर्गांत पांच मुलें अडलीं आहेत, तर त्यांच्यासाठीं तूं काय केलेंस आणि आम्हीं काय करावें, असें तें संभाषण असे. याखेरीज दूरदूरच्या एकशिक्षकी लहान शाळा एकत्र करून मुलांस नेण्याआणण्याची सोय करण्यांत आली. कारण चार इयत्ता एका खोलींत घेऊन बसलेल्या शिक्षकास पहिलीच्या मुलांस पुरेसा वेळ देणें शक्यच नव्हतें.

येथें अधिकार व साहाय्य हीं दोन्ही एकत्र कशीं चाललीं, हें नीट पाहावें. नुसता जाब विचारला तर माणसें खोटे आंकडे करतात. नुसतें साहाय्य दिलें तर माणसें सुस्त होतात. सोब्रालमध्यें ज्यास जाब विचारला त्याच्या हातीं साधनें दिलीं, आणि ज्यास साधनें दिलीं त्यास जाब विचारला.

चारपांच वर्षांतच पहिल्या दोन इयत्तांतील वाचूं शकणाऱ्या मुलांचें प्रमाण शेंकडा नव्वदांच्या आसपास गेलें. ब्राझील सरकार शाळांचें काम शून्यापासून दहापर्यंतच्या एका निर्देशांकानें मोजतें. भाषा व गणित यांतील गुण आणि उत्तीर्ण होणाऱ्या मुलांचें प्रमाण मिळून तो काढतात. प्राथमिक शाळांच्या बाबतींत २००५ मध्यें सोब्रालचा आंकडा ४ होता. २०१५ मध्यें तो ८.८ झाला, आणि देशांतील पांच हजारांहून अधिक नगरपालिकांत हें शहर पहिलें आलें. २०१७ मध्यें आंकडा ९.१ वर गेला. साओ पावलोसारख्या धनाढ्य राज्यांतील नगरांस दुष्काळी मुलुखांतील एका शहरानें मागें टाकलें.

एका शहराचें पाहून सगळें राज्य

२००७ मध्यें सिद गोमेस राज्याचे प्रमुख झाले, इझोल्दा सेला शिक्षणखात्यावर आल्या, आणि ‘योग्य वयांत साक्षरता’ या अर्थाच्या नांवाची योजना सर्व सिआरांत सुरू झाली. शाळा नगरपालिकांच्या ताब्यांत असल्यामुळें राज्यानें हुकूम सोडून भागण्यासारखें नव्हतें. तेव्हां त्यांनीं एक मोठी मार्मिक युक्ति केली. विक्रीवरील कराचा चौथा हिस्सा राज्यानें नगरपालिकांस वांटावा असा तेथील दंडक आहे, आणि त्यांतील चतुर्थांश कोणत्या निकषानें वांटावा हें तेव्हां राज्याच्या मर्जीवर होतें. २००७ च्या कायद्यानें वांटावयाच्या एकंदर रकमेपैकीं शेंकडा १८ भाग शिक्षणांतील प्रगतीवर ठेवण्यांत आला. उरलेला भाग आरोग्य व पर्यावरण यांकडे गेला. मुलें वाचूं लागलीं तर गांवाच्या तिजोरींत भर पडूं लागली, आणि आजवर रस्ते व गटारें यांचाच विचार करणारे नगराध्यक्ष पहिलीच्या वर्गाची चौकशी करूं लागले.

दुसरी योजना तर आपल्या गुरुकुलपरंपरेंतील कोणासहि आवडेल अशी आहे. राज्यांतील दीडशें उत्तम शाळांस बक्षीस द्यावयाचें, पण प्रत्येकीनें एका मागासलेल्या शाळेस हात द्यावयाचा. बक्षिसाचा कांहीं भाग हातीं पडावयाचा तो त्या दुसऱ्या शाळेची प्रगति दिसल्यावरच. स्पर्धेंतून मत्सर उपजतो, हा नेहमींचा अनुभव. येथें पहिल्या आलेल्याचें हित शेवटल्याच्या हितांत गुंतविलें गेलें. सिआराच्या या धड्यावरून २०१२ मध्यें ब्राझिलानें राष्ट्रीय साक्षरता-करार आंखला, आणि २०२० च्या घटनादुरुस्तीनें कराच्या वांटपांत शिक्षणाचा निकष सर्व राज्यांस लागू केला.

आक्षेपांचा विचार

या यशावर आक्षेप घेणारेहि आहेत, आणि त्यांचें म्हणणें उडवून लावण्याजोगें नाहीं. भाषा व गणित यांचीच परीक्षा झाली म्हणजे चित्रकला, इतिहास, खेळ हे विषय अंग चोरून बसतात. परीक्षेवर बक्षीस ठेवलें म्हणजे परीक्षेपुरतें शिकविण्याचा मोह होतो. तिसरा आक्षेप अधिक खोल आहे: १९९७ पासून २०२४ पर्यंत सोब्रालचा कारभार एकाच राजकीय गटाकडे राहिला, इतकें सातत्य इतरांस कोठून मिळावयाचें?

पहिल्या दोन आक्षेपांस उत्तर हें कीं, वाचन हा इतर विषयांचा स्पर्धक नसून त्यांचें प्रवेशद्वार आहे. ज्यास वाचतां येत नाहीं त्यास इतिहासाचा तास म्हणजे ऐकीव गोष्ट, आणि गणितांतील शब्दरूप उदाहरण म्हणजे कुलूप. जें मूल अडखळत अडखळत वाचतें, तें वाक्याच्या शेवटाशीं पोंचेपर्यंत आरंभ विसरतें. अर्थ त्याच्या हातीं लागतच नाहीं. म्हणून पहिल्या दोन वर्षांत वाचनास झुकतें माप देणें योग्यच होय. मात्र तें माप पुढेंहि तसेंच झुकतें ठेवलें तर आक्षेप खरा ठरेल. तिसऱ्या आक्षेपास सोपें उत्तर नाहीं. शाळेचें काम पिढीचें असतें व सत्तेची मुदत चारपांच वर्षांची असते, हा लोकशाहीपुढील खरा पेंच आहे. त्यावर तोड एकच दिसते: मुलांस वाचतां यावें, ही मागणी सत्ताधाऱ्यांपेक्षां लोकांच्या तोंडीं अधिक रुजली पाहिजे, म्हणजे माणसें बदललीं तरी मागणी टिकते.

आपल्या लिपीचें काय?

एवढें वाचून कोणी म्हणेल कीं, पोर्तुगीजांस रोमन लिपि आहे, आपली देवनागरी निराळी. निराळी खरीच, आणि ती ध्वनींशीं प्रामाणिक असल्यामुळें एका दृष्टीनें सोपीहि. परंतु मुलाच्या दृष्टीनें तिचा पसारा मोठा आहे. तीसांहून अधिक व्यंजनें, त्यांवर वर-खालीं, मागें-पुढें लागणाऱ्या मात्रा, आणि त्यावर पुनः जोडाक्षरें. ‘कि’ म्हणतांना वेलांटी आधीं लिहावयाची आणि उच्चारावयाची नंतर, हें मोठ्यांस जाणवतहि नाहीं. लहान मूल तेथें थबकतें. क पासून ज्ञ पर्यंत सर्व मुळाक्षरें आधीं, मग सर्व बाराखड्या आणि मग शब्द, हा क्रम धरला तर मुलास पहिला अर्थपूर्ण मजकूर वाचावयास कित्येक महिने लागतात. घरीं वाचणारें कोणी असेल तर तें मूल तग धरतें. नसेल, तर आपण हें कशासाठीं घोकीत आहों, हेंच त्यास कळत नाहीं.

या अडचणीवर आपल्याच महाराष्ट्रांत, साताऱ्याजवळील फलटण गांवीं, मोठें काम झालें आहे. मॅक्सीन बर्नसन या भाषाशास्त्रज्ञ बाई १९६१ मध्यें अमेरिकेंतून भारतांत आल्या, फलटणच्या मराठी बोलीचा त्यांनीं अभ्यास केला, आणि पुढें भारताचें नागरिकत्व पतकरून त्या तेथल्याच झाल्या. दलित वस्तींतील मुलें शाळेंत जाऊनहि वाचूं शकत नाहींत, हें पाहून त्यांनीं त्यांस शिकविण्यास आरंभ केला. १९८४ मध्यें प्रगत शिक्षण संस्था व १९८६ मध्यें कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा निघाली. त्यांच्या पद्धतीचें मर्म असें कीं, थोडीं अक्षरें आणि एकदोन मात्रा एकत्र शिकवावयाच्या, म्हणजे मूल लवकर शब्द वाचूं लागतें. क, म, न, ल हीं चारच अक्षरें आणि एक काना घेतला तरी ‘काका’, ‘मामा’, ‘कान’, ‘नाक’, ‘मका’, ‘माका’, ‘कमान’ असे किती शब्द होतात, हें वाचकांनीं कागद घेऊन पाहावें. पहिल्याच आठवड्यांत ‘मामा’ वाचतां आलेलें मूल दुसऱ्या आठवड्यांत आपणहून पाटीजवळ येतें.

तेव्हां ज्ञान आपल्याकडे नाहीं असें नाहीं. उणीव आहे ती तें प्रत्येक वर्गापर्यंत पोंचविणाऱ्या व्यवस्थेची. ‘असर’ या नांवानें २००५ पासून होत असलेल्या पाहणींत घरोघर जाऊन मुलांकडून वाचून घेतात. तिच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणें ग्रामीण भारतांतील पांचवीच्या मुलांपैकीं शेंकडा ४८.८ मुलांस दुसरीच्या पुस्तकांतील मजकूर वाचतां आला. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांस तो वाचतां आला नाहीं. मूलभूत वाचन व गणित यांसाठीं केंद्र सरकारनें ५ जुलै २०२१ रोजीं ‘निपुण भारत’ हें अभियान सुरू केलें, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु अभियानाचें यश राजधानींत ठरत नाहीं. ज्या शाळेचा मुख्याध्यापक पहिलीच्या वर्गांत जाऊन बसतो, तेथें तें ठरतें.

आपण काय करावें?

आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. वाचतां न येणाऱ्या मुलाचा दोष वर्गांतील शिक्षकाच्या पदरीं पडेल, पण त्यास शिकविण्याची कला कोणी शिकविलीच नसेल तर तो दोष मुख्याध्यापकाकडे जातो. मुख्याध्यापकास वर्गाकडे फिरकण्यास सवडच ठेवली नसेल, किंवा योग्यता न पाहतां त्यास खुर्ची दिली असेल, तर तो संस्थेच्या चालकांकडे व अधिकाऱ्यांकडे जातो. आणि चालकांस व अधिकाऱ्यांस या गोष्टीबद्दल कोणी कधीं विचारलेंच नसेल, तर तो आपणां सर्वांकडे येतो. मुलाकडे मात्र तो कोणत्याच मार्गानें जात नाहीं.

या मासिकाच्या वाचकांत शाळांच्या नियामक मंडळांचे सभासद आहेत, निवृत्त शिक्षक-शिक्षिका आहेत, देणगीदार आहेत. शाळेस इमारतनिधि देण्याची रीत आपल्यांत जुनी आहे व ती स्तुत्यहि आहे. परंतु पुढच्या वेळीं देणगीचा धनादेश देण्यापूर्वीं ‘तुमच्या दुसरीच्या वर्गांतील किती मुलें न पाहिलेला उतारा वाचतात?’ एवढें विचारावें. मंडळाच्या सभेंत निकालाची शेंकडेवारी पुढें येते ती दहावीची; एकदां दुसरीची मागावी. पहिलीचा वर्ग कोणाकडे सोंपविला आहे व कां, हें पुसावें. निवृत्त शिक्षकांनीं आठवड्यांतून दोन तास जवळच्या पालिकेच्या शाळेंत बसून एकेका मुलाचें वाचन ऐकावें. बऱ्याच मुलांस वर्षभरांत असा ऐकणारा माणूस एकदांहि भेटत नाहीं. आणि घरीं कामास येणाऱ्या बाईंचें मूल दुपारीं स्वयंपाकघराच्या दाराशीं बसलेलें दिसलें, तर त्यास खाऊ देतांना जवळचें गोष्टीचें पुस्तकहि द्यावें, आणि मायेनें म्हणावें, ‘बाळ, वाच पाहूं.’ तें अडखळलें तर रागावूं नये, व आश्चर्यहि दाखवूं नये. कोठें अडखळलें तेवढें पाहावें. शिकविण्यास आरंभ तेथूनच करावयाचा असतो.